केबल बंद करावी काय? : घरातील करमणुकीच्या खर्चाचा हिशेब

ज्या घरात जमाखर्च लिहिण्याची सवय आहे, त्या घरातील वहीत किराणा, दूध, विजेचे बिल, शाळेची फी, औषधपाणी या बाबी हमखास सापडतात. परंतु टीव्ही आणि मोबाईल यांवर होणारा खर्च मात्र बहुतेकांच्या वहीत नसतो. याचे कारण असे की, हा पैसा एकदम जात नाही. केबलवाल्याला महिन्याला अडीचशे-तीनशे, मोबाईलच्या रिचार्जला तीनशे, एखाद्या ॲपला दीडशे, अशा लहान लहान रकमांनी तो जातो. लहान रक्कम डोळ्यांत भरत नाही. वर्षाची बेरीज केली म्हणजे मात्र आपण दचकतो.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हा आपला जिल्हा अवर्षणप्रवण. येथील घराघरांचे उत्पन्न सोयाबीनच्या भावावर, रोजंदारीवर, ऊसतोडीच्या उचलीवर किंवा मोजक्या नोकऱ्यांवर अवलंबून आहे. अशा जिल्ह्यात वर्षाकाठी दोन-तीन हजार रुपये वाचणे ही साधी बाब नव्हे. त्यात विद्यार्थ्याची परीक्षा फी निघते, पुस्तके निघतात. अलीकडे अनेक समाजबांधव विचारतात की, केबल बंद करून सर्व काही इंटरनेटवर पाहिले तर पैसे वाचतील काय? शहरातील नातेवाईक तसे करतात, मुलेही तसा आग्रह धरतात. या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते प्रत्येक घराच्या गरजेप्रमाणे निघते. ते कसे काढावे, एवढेच या लेखात आम्ही सांगणार आहोत.

थोडा पूर्वेतिहास

भारतात दूरदर्शनची सुरुवात १९५९ साली दिल्लीत झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही दाखविण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपल्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातील गुलबर्गा, तसेच विजापूर व रायचूर या जिल्ह्यांतील गावे होती. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडल्यानंतर देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली व लांब बांबूवरील ॲन्टेना घरोघर दिसू लागला. त्या काळी संच विकत घेतला की पुढे महिन्याचा खर्च असा विजेचाच.

१९९१-९२ पासून हे चित्र पालटले. परदेशी वाहिन्या आल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि गल्लीतील एखाद्या होतकरू तरुणाने मोठी छत्री बसवून घरोघर तार ओढावी, अशी केबलची पद्धत रूढ झाली. हा व्यवसाय इतका झपाट्याने वाढला की सरकारला १९९५ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा करावा लागला. पुढे डिजिटल पद्धत सक्तीची झाली. २०१२ साली महानगरांपासून तिची सुरुवात झाली व ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत ठरली. तेव्हापासून प्रत्येक टीव्हीजवळ सेट टॉप बॉक्स आला. दूरदर्शनची जुनी ॲन्टेनावर चालणारी बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत बंद करण्यात आली. त्यामुळे आता बांबूवरील ॲन्टेनाकडे परत जाण्याचा मार्ग राहिलेला नाही.

केबलचे बिल कसे तयार होते?

काटकसर करावयाची तर आधी बिल समजले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९ पासून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, नवी दरपद्धत लागू केली. तिचे तत्त्व सोपे आहे : ग्राहकाने जी वाहिनी निवडली तिचेच पैसे त्याने द्यावेत. बिलाचे तीन भाग पडतात. पहिला भाग जोडणीचे शुल्क. हे २०१९ मध्ये शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये ठरविण्यात आले होते. पुढे त्याच रकमेत दोनशे वाहिन्या देण्याचा नियम झाला आणि जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणून आता हे शुल्क प्रत्येक ठिकाणी निराळे असू शकते. दुसरा भाग निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचा. या सुट्या घेता येतात किंवा गुच्छाने घेता येतात. नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक आहे ती गुच्छात घालता येत नाही. तिसरा भाग वस्तू व सेवा कराचा. तो १८ टक्के आहे.

उदाहरणार्थ, जोडणी शुल्क १३० रुपये आणि वाहिन्यांचे ११० रुपये धरले तर बेरीज २४० रुपये. त्यावर १८ टक्के कर म्हणजे ४३ रुपये २० पैसे. एकूण मासिक बिल २८३ रुपये २० पैसे आणि वर्षाचे ३,३९८ रुपये ४० पैसे. पुढील सर्व हिशेबात आम्ही हाच आकडा आधाराला घेतला आहे. वाचकांनी येथे आपापल्या घरचा आकडा घालावा.

केबल बंद करण्यापूर्वी एक काम प्रत्येकाने करावे. गेल्या महिन्याच्या वाहिन्यांची यादी केबलवाल्याकडून मागून घ्यावी आणि घरातील सर्वांनी बसून, प्रत्यक्षात पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांवर खूण करावी. बहुतेक घरांत दहा-बारांपेक्षा जास्त वाहिन्या कोणी पाहत नाही. कित्येक घरांत कोणाला न समजणाऱ्या भाषेतील वाहिन्याही गुच्छात घुसलेल्या आढळतात. गुच्छ सोडून चार-पाच वाहिन्या सुट्या घेतल्या तरी बिल बऱ्यापैकी उतरते. सुटी वाहिनी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यासाठी कोणाच्या मिनतवाऱ्या करण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग : डीडी फ्री डिश

केबल आणि इंटरनेट यांच्या चर्चेत एक तिसरा मार्ग आपण विसरतो. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा सुरू केली. तिचेच आजचे नाव 'डीडी फ्री डिश'. तिला मासिक शुल्क नाही. छत्री, डबा व तार यांचा एकदाच सुमारे दोन हजार रुपयांपर्यंत खर्च येतो. देशातील चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पाहिली जाते.

ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर दिसतो. आपल्या जिल्ह्यातून पाहता तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. म्हणून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे असते. त्या बाजूला उंच लिंब, चिंच किंवा शेजाऱ्याचा माळा आड येता कामा नये. मुसळधार पावसात चित्र जाते, कारण या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. त्यासाठी छत्रीला हात लावण्याची आवश्यकता नसते.

फ्री डिशवर सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या, काही बातम्यांच्या व चित्रपटांच्या वाहिन्या आणि शैक्षणिक वाहिन्या मिळतात. खाजगी वाहिन्यांना तेथे लिलावाने जागा दिली जाते, त्यामुळे यादी बदलत राहते. २०१९ मध्ये काही मोठ्या करमणूक वाहिन्या तेथून निघून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. लोकप्रिय मराठी मालिकांच्या ताज्या भागांसाठी फ्री डिश पुरेशी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्या घरात बातम्या, जुने चित्रपट व मुलांचा अभ्यास एवढीच गरज आहे, तेथे वरील उदाहरणाप्रमाणे सात महिन्यांच्या केबल बिलात छत्रीची किंमत जवळजवळ वसूल होते. पुढील सर्व वर्षे निव्वळ बचतीची.

आपल्या भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने घराला कुलूप असते. अशा कुटुंबाने वर्षाचे पैसे आगाऊ भरून केबल किंवा ब्रॉडबँड घेणे हा तोटाच होय. फ्री डिशची छत्री पडून राहिली तरी तिचे भाडे चढत नाही. ती सोबतही नेता येते.

इंटरनेटवर पाहणे म्हणजे काय?

उपग्रहावरून येणारी वाहिनी पावसासारखी असते. एका घरावर पडली काय किंवा हजार घरांवर पडली काय, पाठविणाऱ्याचा खर्च तेवढाच. इंटरनेटचे तसे नाही. ते नळासारखे आहे. आपण कार्यक्रम लावला की तो आपल्या एकट्यासाठी कंपनीच्या संगणकावरून निघून आपल्या घरापर्यंत येतो. जितके पाणी घेतले तितके मीटर फिरते. हे मीटर म्हणजे डेटा, आणि तो 'जीबी'मध्ये मोजतात.

साध्या प्रतीचे चित्र पाहिले तर तासाला सुमारे एक जीबीपर्यंत डेटा लागतो. स्पष्ट, म्हणजे एचडी प्रतीचे चित्र मोठ्या पडद्यावर पाहिले तर तासाला तीन जीबीपर्यंत. मोबाईलच्या लहान पडद्यावर हलक्या प्रतीने पाहिले तर याहून पुष्कळ कमी लागतो. आता रोज दीड जीबी देणारा मोबाईलचा रिचार्ज घ्या. तो टीव्हीला जोडला तर साध्या प्रतीने दीड तास आणि एचडी प्रतीने केवळ अर्धा तास पुरेल. ज्या घरात टीव्ही रोज पाच तास चालतो, तेथे महिन्याला १५० ते ४५० जीबी लागतील. तेव्हा 'मोबाईलच्या नेटवर टीव्ही चालवू आणि केबल बंद करू' हा बेत पाच माणसांच्या घरात टिकणारा नाही. त्यासाठी घरी ब्रॉडबँडच हवे.

वेगाचीही एक गफलत लक्षात ठेवावी. कंपनी वेग 'एमबीपीएस'मध्ये सांगते. तो बिटमध्ये असतो आणि आठ बिट मिळून एक बाईट होतो. एचडी चित्राला पाच एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे तीस एमबीपीएसच्या जोडणीवर एक टीव्ही आणि दोन-तीन मोबाईल आरामात चालतात. एका टीव्हीसाठी शंभर किंवा दोनशे एमबीपीएसची महागडी योजना घेण्याचे काही कारण नाही.

आकडे काय सांगतात?

समजा, ब्रॉडबँडची योजना दरमहा ३९९ रुपयांची आहे. जाहिरातीतील या रकमेत बहुधा कर धरलेला नसतो. १८ टक्के कर मिळविला की ती ४७० रुपये ८२ पैसे होते आणि वर्षाचे ५,६४९ रुपये ८४ पैसे होतात. केबलचे वर्षाचे बिल ३,३९८ रुपये ४० पैसे होते. म्हणजे केवळ टीव्हीसाठी केबल सोडून ब्रॉडबँड घेतले तर बचत होत नाही, उलट वर्षाला सुमारे २,२५० रुपयांनी खर्च वाढतो!

येथेच अनेकांची फसगत होते. 'केबल सोडा, पैसे वाचवा' हा सल्ला मूळचा अमेरिकेतला. तेथे केबलचे मासिक बिल अनेक घरांत शंभर डॉलरच्या आसपास असते, त्यामुळे ते बंद केले की मोठी रक्कम वाचते. आपल्याकडे केबल स्वस्त आहे. परदेशातील हिशेब जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

मग शहाण्या कुटुंबांचे पैसे वाचतात ते कसे? ते वाचतात मोबाईलच्या रिचार्जमध्ये. रिचार्जची मुदत बहुधा २८ दिवसांची असते. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा होतात. २९९ रुपयांचा रिचार्ज तेरा वेळा केला की एका मोबाईलचे ३,८८७ रुपये होतात. (मोबाईल रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो.) घरात चार मोबाईल असतील तर १५,५४८ रुपये! केबलच्या बिलावर आपण चर्चा करतो आणि त्याच्या चौपटीहून मोठा हा खर्च मुकाट्याने करतो.

ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांना केवळ बोलण्यासाठी व संदेशांसाठी, म्हणजे डेटा नसलेल्या, योजना देण्यास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना आल्या. त्यांपैकी एका कंपनीची ३६५ दिवसांची योजना १,८४९ रुपयांची होती. घरात ब्रॉडबँड असेल तर जी माणसे बहुतेक वेळ घरीच असतात, त्यांच्या मोबाईलला वेगळा डेटा लागत नाही. असे दोन मोबाईल या योजनेवर आणले तर प्रत्येकी २,०३८ रुपये आणि दोन्ही मिळून ४,०७६ रुपये वाचतात.

आता पुन्हा हिशेब मांडू. ब्रॉडबँडचा खर्च ५,६४९ रुपये ८४ पैसे. त्यातून मोबाईलची बचत ४,०७६ वजा करू. निव्वळ वाढीव खर्च राहिला १,५७३ रुपये ८४ पैसे. आणि केबल बंद केल्याने वाचले ३,३९८ रुपये ४० पैसे. म्हणजे खरी बचत वर्षाला १,८२४ रुपये ५६ पैसे.

ही बचत टिकवणेही सोपे नाही. दरमहा १४९ रुपयांचे एकच ॲप घेतले की वर्षाचे १,७८८ रुपये गेले. हाती राहिले ३६ रुपये ५६ पैसे! दुसरे ॲप घेतले की आपण केबलच्याही पुढे गेलो. शिवाय दराची अट नीट वाचावी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेली १४९ रुपयांची योजना ही मोबाईल व टॅबसाठी आहे, ती टीव्हीवर चालत नाही. जुना फुगीर काचेचा टीव्ही असेल तर त्याला इंटरनेटचे उपकरण सरळ जोडताही येत नाही. नव्या टीव्हीचा खर्च मग या बचतीत पाच-सात वर्षेही भरून निघत नाही.

खात्यातून आपोआप जाणारे पैसे

आम्ही बँकेत काम करीत असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पासबुक भरून घेतल्यावर पुष्कळ खातेदार काउंटरवर येऊन विचारतात, "साहेब, हे दीडशे रुपये कशाचे कापले?" चौकशी केली की कळते, मुलाने एक रुपयात किंवा फुकट चाचणीसाठी एखादे ॲप घेतले आणि त्या वेळी पुढील पैसे आपोआप कापण्यास संमती दिली. यालाच 'ऑटोपे' म्हणतात. यूपीआयवर ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली.

रिझर्व्ह बँकेने अशा वजावटींसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक केले आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी खातेदाराला सूचना मिळाली पाहिजे आणि त्याला ती वजावट थांबविता आली पाहिजे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेला दर वेळी नव्याने संमती लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० करण्यात आली. दीडशे-दोनशेची वजावट मात्र या मर्यादेच्या आत बसते, म्हणून ती प्रत्येक वेळी विचारून होत नाही. संदेश येतो, पण तो वाचतो कोण?

यासाठी तीन सूचना. पहिली, मोबाईलमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली असे नव्हे. ती ॲपमध्ये जाऊन रद्द करावी लागते आणि यूपीआयच्या 'ऑटोपे' यादीतूनही ती गेली की नाही हे पाहावे. दुसरी, ज्या खात्यात पगार, पेन्शन किंवा शिष्यवृत्ती येते त्या खात्यावर अशी संमती देऊ नये. तिसरी, फुकट सिनेमा दाखविणारे म्हणून व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर येणारे ॲप कधीही उतरवून घेऊ नये. त्यातून मोबाईलमधील संदेश व ओटीपी चोरले जातात. तसेच चोरट्या प्रतींचा व्यवहार हा गुन्हा आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने त्याची शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान तीन लाख रुपये दंड अशी केली आहे. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळविले तर पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक असते.

फुकट आणि चांगले

पैसे न देताही इंटरनेटवर उत्तम साहित्य आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या व जुने कार्यक्रम पाहता येतात. नागपूरच्या आवाज इंडिया व लॉर्ड बुद्धा या वाहिन्यांचे कार्यक्रम यूट्यूबवर मिळतात. प्रत्येक गावच्या केबलवर त्या नसल्या तरी आता अडत नाही.

विद्यार्थ्यांसाठी तर हे दालन मोठेच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. शालेय अभ्यासासाठी २०१७ मध्ये सुरू झालेले 'दीक्षा' आणि महाविद्यालयीन अभ्यासासाठी 'स्वयं' ही सरकारी साधने आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवरून उतरवून घेता येतात. एक तास एचडी चित्रपट पाहण्यास जेवढा डेटा लागतो, त्याहून कमी डेटात हे खंड येतात! ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनीही निराश होऊ नये. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविली गेली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तेथेही ती पोहोचली, कारण तिला डेटा लागत नव्हता.

पैशाबरोबर वेळेचाही हिशेब

केबलवरील मालिका साडेआठला संपते. पुढची आवडत नसली तर माणूस उठतो. इंटरनेटवर मात्र एक भाग संपला की काही क्षणांत दुसरा आपोआप सुरू होतो. एकाच टीव्हीसमोर बसणारे घर चार मोबाईलसमोर चार कोपऱ्यांत बसते. येथे पैसे वाचले तरी विद्यार्थ्याची संध्याकाळ जाते. तिची किंमत कोणत्याही बिलात येत नाही.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडी या गावाने डिसेंबर २०२२ च्या सुमारास एक आदर्श घालून दिला. मुलांच्या अभ्यासासाठी गावाने संध्याकाळी ६ ते ८ टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचे ठरविले. त्यापूर्वी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास हीच गोष्ट सुरू झाली होती. या उपक्रमांना एक पैसा लागत नाही. गावाला जमले ते एका घराला, एका वसाहतीला न जमण्याचे कारण नाही. निदान मोबाईलमधील 'ऑटोप्ले' बंद करणे तरी आपल्या हाती आहे.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला दिलेला उपदेश आपणांस ठाऊक आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. त्याच सुत्तात संपत्तीच्या नाशाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत खेळतमाशांच्या मागे सतत धावणे हे एक आहे. करमणूक वर्ज्य करावी असे येथे म्हटलेले नाही. उपभोगाचा वाटा ठरलेला असावा आणि त्याने दुसऱ्या वाट्यांवर अतिक्रमण करू नये, एवढेच सांगितले आहे.

कोणी काय करावे?

वरील सर्व विवेचनाचे तात्पर्य असे :

१. ज्या घरात बातम्या, चित्रपट व थोडी करमणूक एवढीच गरज आहे, किंवा जे कुटुंब हंगामी स्थलांतर करते, त्यांनी फ्री डिश घ्यावी.

२. ज्या घरात वृद्ध मंडळींना ठरलेल्या वेळी ठरलेली मालिका हवी असते आणि रिमोटच्या दोन बटणांपलीकडे त्यांना जायचे नसते, त्यांनी केबल ठेवावी. पण वाहिन्यांची यादी छाटून ठेवावी.

३. ज्या घरात महाविद्यालयीन किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत आणि ब्रॉडबँड तसेही लागणारच आहे, त्यांनी केबल बंद करण्यास हरकत नाही. मात्र त्याच महिन्यात घरातील किमान दोन मोबाईलचे रिचार्ज उतरवावेत आणि एका वेळी एकच सशुल्क ॲप ठेवावे. त्यावरील पाहून झाले की ते बंद करून दुसरे घ्यावे.

४. केबल व ब्रॉडबँड दोन्ही चालू ठेवून वर तीन ॲप, ही स्थिती मात्र कोणाच्याच हिताची नाही.

निर्णयापूर्वी आपल्या वस्तीत तारेचे ब्रॉडबँड येते काय, शेजाऱ्याचा अनुभव काय, याची चौकशी करावी. तार नसेल तेथे २०२३ पासून हवेतून येणाऱ्या 'एअरफायबर' जोडण्याही मिळू लागल्या आहेत. पण आधी त्या कंपनीचे नेटवर्क घरात नीट मिळते की नाही हे मोबाईलवर पाहावे. वीज गेली की राउटर बंद पडतो, हेही भारनियमनाच्या गावांनी ध्यानात घ्यावे. आपला केबलवालाच इंटरनेट देत असेल तर प्रथम त्याला विचारावे. तो आपल्या गल्लीतला माणूस आहे. रात्री बिघाड झाला तर तोच येतो. केबल व डीटीएचचे ग्राहक देशभर घटत आहेत. ट्रायच्या आकड्यांनुसार पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२० अखेर सात कोटींच्या आसपास होते, ते मार्च २०२५ मध्ये सुमारे ५ कोटी ६९ लाखांवर आले. या बदलात अशा लहान व्यावसायिकांचाही संसार आहे.

शेवटी एक विनंती. एका कागदावर केबल, ब्रॉडबँड, प्रत्येक मोबाईल व प्रत्येक ॲप यांचा वर्षाचा खर्च मांडावा आणि ही बेरीज घरातील मुलांकडून करून घ्यावी. पैसा कोठे जातो हे त्यांना त्यातून कळेल आणि काटछाट सुचविण्यात तीच पुढाकार घेतील. वाचलेली रक्कम खर्चात विरून जाऊ नये म्हणून त्याच दिवशी तिचे आवर्त ठेव खाते उघडावे. महिन्याला दीडशे रुपये म्हणजे वर्षाला अठराशे, वर व्याज. पुढील जून महिन्यात वह्या-पुस्तकांसाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.